नगावर की किलोवर? एका लहान कोंबडीची लांबची वाट



दिवाळीनंतर आमच्या गटाने ४० नर विकले. नर म्हणजे गावरान कोंबडीची तीन-साडेतीन महिन्यांची पिल्लं. तुरा नुकता लाल होऊ लागलेला आणि आरवायला जावं तर आवाज फाटतोय, अशी. तलंगा आपण अंड्यांसाठी राखून ठेवतो. नरांचं काय करायचं हा मात्र घरोघरचा प्रश्न असतो. दाणे खातात, आपसात भांडतात, शेजारणीच्या परसात घुसून आपल्यालाही भांडायला लावतात. अशात हायवेकडच्या एका रिसॉर्टचा माणूस आला. काटा बरोबर घेऊनच आला. ३५० रुपये किलोने चाळीसच्या चाळीस घेऊन गेला. एकेक नर पाऊण किलोच्या आतबाहेर, म्हणजे एकामागे २६० रुपये सुटले. त्या दिवशी आम्ही खूश होतो.

पुढच्या आठवड्यात आमच्यातल्या एकीच्या सुनेने मोबाइलवर एक फोटो दाखवला. ती त्या रिसॉर्टमध्ये भांड्यांच्या कामाला जाते. फोटो जेवणाच्या कार्डाचा होता. ‘चारकोल ग्रिल्ड गेम हेन, एक नग, ८५० रुपये.’ म्हणजे कोळशावर भाजलेली अख्खी लहान कोंबडी, एका माणसाला एक. आक्कांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाल्या, “आपण तर नर दिले होते. ह्यांनी हेन कशी केली?”

हसून झालं, पण प्रश्न काही जाईना. हे ‘गेम हेन’ नाव आलं कुठून? आणि आमच्या दारात किलोवर विकलेला पक्षी ताटात जाईपर्यंत नगावर कसा गेला? शोधता शोधता आम्ही थेट अमेरिकेपर्यंत पोचलो, आणि तिथून फिरून आपल्याच देशात परत आलो. आजचं बोलणं त्या वाटेबद्दल आहे.

आधी आक्कांच्या प्रश्नाचं उत्तर. ही लहान कोंबडी मूळची अमेरिकेतल्या बाजाराची. तिचं पूर्ण नाव ‘रॉक कॉर्निश गेम हेन’. तिथल्या कृषी खात्याने तिची व्याख्या ठरवून दिली आहे. पाच आठवड्यांपेक्षा कमी वयाची कोवळी कोंबडी, साफ केल्यावर वजन दोन पौंडांच्या आत, म्हणजे साधारण ९०० ग्रॅमच्या आत. नर असो की मादी, दोन्ही चालतात. म्हणजे रिसॉर्टवाल्याने नराची हेन केली ती अमेरिकेच्या सरकारलाही मान्य आहे! आता ‘गेम’. इंग्रजीत शिकार करून खायच्या पशुपक्ष्यांना गेम म्हणतात. आपल्याकडे पूर्वी तित्तर, लावा मारून आणत, तसे. पण ही कोंबडी रानात वाढत नाही आणि तिची शिकारही कोणी करत नाही. ती शेडमध्येच वाढते. झुंजीच्या कोंबड्यालाही इंग्रजीत ‘गेम’ म्हणतात, आणि खरा धागा तिथे आहे. राहिले दोन शब्द. ‘रॉक’ आला प्लायमाउथ रॉक या अमेरिकी जातीवरून. ‘कॉर्निश’ मात्र सावकाश उलगडून सांगायला हवा, कारण त्याच्या पोटात आपण आहोत.

तुमच्यापैकी कोणी असील कोंबडा पाहिला आहे का? गडचिरोली ओलांडून बस्तरात गेलं, किंवा खाली तेलंगणा-आंध्रात उतरलं, की दिसतो. उंच, ताठ मानेचा, छाती रुंद, पाय जाड, डोक्यावर बसका लहान तुरा आणि पिसं अंगाला घट्ट चिकटलेली. चालतो तो पाटलासारखा. याची मादी अंडी फार देत नाही, पण खुडूक बसली की मन लावून बसते आणि पिल्लांना कावळ्या-घारीपासून जिवापाड जपते. शेकडो वर्षं लोकांनी ही जात झुंजीसाठी पाळली. (आज कोंबड्यांच्या झुंजी लावायला कायद्याने बंदी आहे.) असील हा शब्द मूळ अरबी, त्याचा अर्थ शुद्ध कुळीचा. आपण ‘अस्सल’ म्हणतो ना, तो शब्दही त्याच घरातला.

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा प्रांत आहे. तिथले सर वॉल्टर गिल्बर्ट ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. त्यांनी १८२० च्या सुमारास हिंदुस्थानातले तांबडे असील आणि इंग्लंडचे झुंजीचे कोंबडे यांचा संकर केला, असं सांगितलं जातं. हेतू हाच की याहून जबर लढणारा कोंबडा निपजावा. निपजलेला पक्षी अंगाने भरला, पण लढाईत काही चमकला नाही. पुढे १८३५ मध्ये इंग्लंडमध्ये कायद्याने झुंजी बंद झाल्या. मग लोकांचं लक्ष त्याच्या छातीकडे गेलं. इतर कोंबड्यांपेक्षा याच्या छातीला जास्त मांस. त्या जातीला नाव पडलं ‘इंडियन गेम’.

हा पक्षी अमेरिकेत गेला. तिथल्या पोल्ट्री असोसिएशनने १८९३ मध्ये त्याला आपल्या जातींच्या यादीत घेतलं तेव्हा नाव होतं ‘कॉर्निश इंडियन गेम’. विसावं शतक लागलं आणि त्यातला ‘इंडियन’ गळाला. उरला नुसता ‘कॉर्निश’. हे आम्ही गटात वाचून दाखवलं तेव्हा आक्का लगेच म्हणाल्या, “माहेरचं नाव गेलं, सासरचं राहिलं. सगळ्या बायांचं तेच.” इंग्लंडात मात्र त्याला अजून इंडियन गेमच म्हणतात. गिल्बर्टसाहेबांचं नाव पुस्तकात आहे. ज्यांच्या अंगणातून ते असील उचलले गेले, त्या घरांची नावं कोणीही लिहून ठेवली नाहीत.

आता अमेरिका. शंभर वर्षांपूर्वी तिथल्या शेतावरही कोंबड्या बायकांकडेच असत. आपल्यासारखंच सगळं. कोंबड्या अंड्यांसाठी पाळायच्या. अंडं द्यायची थांबलेली म्हातारी कोंबडी आणि जास्तीचे नर, एवढंच मांस म्हणून विकलं जायचं. कोवळी कोंबडी मिळायची ती मोसमातच. मुद्दाम मांसासाठी कोंबड्या वाढवायच्या हा विचार फारसा नव्हता. तो एका चुकीतून रुजला.

डेलावेअर नावाचं छोटं राज्य आहे, समुद्राकाठचं. तिथल्या ओशन व्ह्यू गावात सेसिल स्टील नावाची बाई होती. नवरा किनाऱ्यावरच्या बचाव दलात नोकरीला, घरच्या कोंबड्या हिच्याकडे. १९२३ मध्ये तिने उबवणी केंद्राकडे ५० पिल्लं मागवली. आली ५००. एक शून्य कोणीतरी जास्त लिहिलं असावं. तुम्ही-आम्ही असतो तर? पहिल्यांदा घरात बोलणी खाल्ली असती, मग पिल्लं परत पाठवली असती. सेसिलबाईंनी ती ठेवून घेतली. पिल्लांसाठी सोळा फूट लांब, सोळा फूट रुंद अशी एक लाकडी शेड उभी झाली. सगळी जगली नाहीत. अठरा आठवड्यांनी ३८७ उरली, प्रत्येकी दोन पौंडांच्या आसपास भरलेली. ती तिने पौंडाला ६२ सेंट भावाने विकली. त्या काळी हा भाव मोठा होता, कारण कोवळी कोंबडी ही पाहुण्यांसाठीची, सणावाराची वस्तू होती.

११३ पिल्लं गेली, तरीही तिने हिशेब मांडला आणि तो फायद्याचा निघाला. यात आम्हाला फार रस वाटला. कारण मेलेली पिल्लं मोजताना आपल्या हातून पेन गळतं, आणि उरलेल्यांचा हिशेब राहूनच जातो. सेसिलबाईंनी पुढच्या वर्षी हजार पिल्लं घेतली. १९२६ पर्यंत त्यांच्याकडे दहा हजार पक्ष्यांची सोय झाली होती. नवरा नोकरी सोडून बायकोच्या धंद्यात आला. शेजारपाजारच्यांनी पाहून पाहून शेड टाकल्या आणि तो सगळा टापू कोंबड्यांचा झाला. त्यांची ती पहिली शेड अजून जपून ठेवली आहे. अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत तिची नोंद आहे. राजवाडे, किल्ले यांच्या यादीत एका बाईचं खुराडं!

पण इथून पुढची गोष्ट एवढी गोड नाही. दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्यात जेसी ज्युएल नावाच्या व्यापाऱ्याने १९३० च्या दशकात शेतकऱ्यांना पिल्लं आणि खाद्य उधारीवर द्यायला सुरुवात केली. वाढवा, आणि वाढली की मलाच द्या. नडलेल्या शेतकऱ्याला तो आधारच वाटला. हळूहळू पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, खरेदीही कंपनीची, आणि शेड, पाणी, मेहनत शेतकऱ्याची, अशी रीत पडली. आपल्याकडे ज्यांनी करारावर ब्रॉयलरची शेड घातली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. किलोमागे ठरलेले पैसे हातात येतात. मर झाली की ते कापले जातात. सेसिलबाई आपला माल विकत होत्या. करारावरची बाई आपली मेहनत विकते.

दुसरं महायुद्ध संपलं आणि किराणा दुकानांच्या एका मोठ्या साखळीने ‘उद्याची कोंबडी’ अशी एक स्पर्धा जाहीर केली. कृषी खातं त्यांच्या सोबतीला होतं. कमी दिवसांत, कमी खाद्यात, जाड छातीचा पक्षी कोण तयार करतो? देशभरातून अंडी मागवली, एकाच ठिकाणी उबवली, सारखं खाद्य घालून वाढवली आणि मग तोलली. १९४८ च्या शेवटच्या फेरीत कॅलिफोर्नियाचे चार्ल्स व्हेंट्रेस जिंकले, आणि १९५१ मध्ये पुन्हा तेच. त्यांच्या पक्ष्यात अर्धं रक्त न्यू हॅम्पशायर जातीचं होतं आणि अर्धं कॉर्निशचं, म्हणजे ज्याचं माहेरचं नाव गळालं होतं त्या आपल्या असीलच्या वंशजाचं. आज जगभर शेडमध्ये जे पांढरं ब्रॉयलर वाढतं, त्याच्या रुंद छातीत हे रक्त आहे.

म्हणजे कोंबडी मोठी करायची शर्यत लागली होती. जो तो किलो वाढवायच्या मागे. नेमक्या त्याच काळात एका जोडप्याने उलटी वाट धरली.

कनेक्टिकट राज्यात पॉमफ्रेट गावी अल्फॉन्सीन आणि झाक माकोव्स्की या नवराबायकोचं शेत होतं. दोघंही युरोपातून अमेरिकेत आलेले. बाईंना सगळे तेरेज म्हणत. आधी त्यांनी गिनी फाउल, म्हणजे ठिपक्यांच्या आफ्रिकी कोंबड्या पाळल्या. आग लागून त्यांचं मोठं नुकसान झालं. पुन्हा उभं राहताना त्यांनी कॉर्निश कोंबडा, पांढरी प्लायमाउथ रॉक कोंबडी, मलायातला झुंजीचा कोंबडा असे वेगवेगळे संकर करून पाहिले. १९५० च्या दशकाच्या मध्याला त्यांना हवा होता तसा पक्षी मिळाला. लहान, गोल, भरल्या छातीचा आणि एका माणसाला पुरेल एवढाच. हीच ती रॉक कॉर्निश गेम हेन. याचं श्रेय या दोघांना देतात.

यात खरी अक्कल कुठे आहे ते बघा. मोठी कोंबडी कापली की वाटावी लागते. तंगडी कुणाला, छाती कुणाला, मान कुणाच्या वाट्याला? ते आपल्याला माहीतच आहे. लहान कोंबडी अख्खी ताटात जाते. पाहुण्याला वाटतं, माझ्या एकट्यासाठी एक पक्षी शिजवला. मान वाढतो. आणि ज्या वस्तूने मान वाढतो तिचं वजन कोणी विचारत नाही. व्हिक्टर बोर्गे नावाचे पियानो वाजवून लोकांना हसवणारे मोठे कलाकार होते. त्यांनीही कनेक्टिकटमध्ये शेत घेतलं, या कोंबड्या वाढवल्या आणि आपल्या नावामागे त्या लोकांच्या ताटापर्यंत नेल्या. पुढे १९६५ मध्ये टायसन ही कंपनी यात उतरली. तिने तर ही कोंबडी पौंडावर न विकता सरळ नगावर विकली. कोंबडी लवकर कापायची, म्हणजे खाद्य कमी, दिवस कमी, आणि भाव मात्र नगाचा. टायसन पुढे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या कोंबडी-कंपन्यांपैकी एक झाली.

मैत्रिणींनो, नगावर विकणं हा काय अमेरिकेचा शोध आहे? आठवडे बाजारात आपल्या आज्या डालग्यात कोंबड्या घेऊन बसायच्या. गिऱ्हाईक पायाला धरून कोंबडी उचलायचं, हाताने छाती चाचपायचं, आणि बोली व्हायची ती नगाची. आजही गावरान कोंबडी बऱ्याच ठिकाणी तशीच विकली जाते. काटा आला तो ब्रॉयलरबरोबर. मग त्याच काट्यावर गावरानही चढली. चांगल्या कोंबडीला काटा कमी तोलतो, हे ठाऊक असूनही आम्ही त्या दिवशी गप्प बसलो.

आता कोळशाचं. ही लहान कोंबडी अमेरिकेत आधी ओव्हनमध्येच भाजली जायची, पोटात भात भरून. ती कोळशावर आली कारण त्याच वर्षांत तिथला कोळसाही घरोघर आला. त्यामागे मोटारी आहेत. हेन्री फोर्डच्या सुरुवातीच्या मोटारींत लाकूड पुष्कळ लागायचं. मिशिगन राज्यातल्या जंगलात त्याच्या लाकडाच्या गिरण्या होत्या, तिथे भुसा आणि तुकड्यांचे ढीग पडायचे. १९२० च्या दशकात त्याने त्या कचऱ्याचा कोळसा करून, दाबून, उशीच्या आकाराच्या गोळ्या बनवल्या आणि त्या मोटारींच्या दुकानांतून विकल्या. मोटार घ्या, कोळसा घ्या, रानात सहलीला जा! तो कारखाना उभा करायला एडवर्ड किंग्जफर्ड यांनी मदत केली होती. हे फोर्डच्या नात्यातल्या बहिणीचे यजमान. पुढे कोळशाला त्यांचंच नाव मिळालं.

त्या कोळशाला साजेशी शेगडी आली १९५२ मध्ये. शिकागोतल्या एका पत्र्याच्या कारखान्यात जॉर्ज स्टीफन काम करायचे. तिथे पाण्यावर तरंगणारे मोठे पोकळ धातूचे गोळे बनत, बोटींना खुणेसाठी. उघड्या शेगडीवर वारा राख उडवतो आणि मांस करपतं, याला ते कंटाळले होते. त्यांनी एक गोळा मधून कापला. खालच्या अर्ध्याला पाय लावले, वरच्या अर्ध्याचं झाकण केलं आणि हवेला भोकं ठेवली. झाली झाकणाची शेगडी. कारखान्याच्या नावावरून ती वेबर म्हणून जगभर गेली.

झाकणाने काय होतं हे आपल्याला भाकरीवरून कळेल. तव्यावरची भाकरी एका बाजूने भाजते, म्हणून उलटावी लागते. झाकण घातलं की धग चारी बाजूंनी फिरते. शिवाय हवा मोजकीच मिळते, त्यामुळे चरबी निखाऱ्यावर ठिबकली तरी भडका उडत नाही. मोठी कोंबडी कोळशावर ठेवली तर बाहेरून काळी आणि आत कच्ची राहते. लहान पक्षी तेवढ्या वेळात आतपर्यंत शिजतो. म्हणून ही कोंबडी आणि ही शेगडी एकमेकींना मानवल्या.

न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात रॉबर्ट बेकर नावाचे प्राध्यापक होते. शेतकऱ्यांच्या कोंबड्या जास्त खपाव्यात म्हणून त्यांनी १९५० मध्ये एक पुस्तिका काढली. कोवळ्या कोंबडीचे उभे दोन भाग करा आणि व्हिनेगर, तेल, मीठ नि फेटलेलं अंडं यांच्या मिश्रणात भिजवून कोळशावर भाजा. अंड्यामुळे मसाला कातडीला धरून राहतो. तिथल्या गावजत्रांत आणि अग्निशामक दलाच्या वर्गणीच्या जेवणांत अजून याच रीतीची कोंबडी असते. विद्यापीठाने शेतकऱ्याला नुसतं कोंबडी वाढवायला नाही, तर ती खपवायलाही शिकवलं, हे आम्हाला फार आवडलं.

एक गंमतही दिसली. त्या काळच्या अमेरिकी जाहिरातींत शेगडीजवळ उभा असायचा तो पुरुष. कमरेला एप्रन, हातात लांब चिमटा, तोंडावर हसू. वर्षभर स्वयंपाक बाईने करायचा आणि अंगणात चार लोक जमले की शेगडी पुरुषाची. मसाला वाटलेला कोणी, भांडी घासायची कोणी, ते जाहिरातीत नव्हतं. आपल्याकडे जत्रेच्या मटणाला पुरुषमंडळी कशी मांडी ठोकून बसतात ते आठवलं, आणि आम्ही पुन्हा एकदा हसलो.

कोळसा पाडणाऱ्यांचीही आठवण झाली. आपल्याकडे लोणारी समाजाचा हा पिढीजात धंदा होता. रायगडकडची कातकरी कुटुंबं पावसाळा सरला की कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, लेकरंबाळं घेऊन, बऱ्याचदा आधी घेतलेली उचल फेडायला. रिसॉर्टच्या कार्डावर चारकोल हा शब्द पहिला येतो. त्या शब्दामागे हीसुद्धा घरं आहेत.

मग आम्ही ठरवलं की आपणही करून बघायचं. ८५० रुपयांची चव आपल्याला नको का कळायला? पहिला नर वाया गेला. आम्ही तो सरळ निखाऱ्यांवरच्या जाळीवर टाकला, चरबी ठिबकली, जाळ उठला, आणि दहा मिनिटांत बाहेरून कोळसा नि आत लाल. दुसऱ्या वेळी शहाण्या झालो. कात्रीने पाठीचा कणा कापून काढला आणि छातीवर तळहाताने दाबून नर पुस्तकासारखा उघडा केला. गावरान मांस घट्ट, म्हणून दही, आलं-लसूण, हळद, मीठ आणि घरचा मसाला लावून रात्रभर ठेवला. बाभळीचा कोळसा पेटवून त्यावर पांढरी राख धरेपर्यंत थांबलो. निखारे शेगडीच्या एका बाजूला सारले आणि नर दुसऱ्या बाजूला ठेवला, कातडी वर करून. झाकण कुठून आणणार? नवं कोरं लोखंडी घमेलं पालथं घातलं, आणि हवेसाठी एका कडेखाली खडा लावला. पाऊण तासाने मांडीला सुरी टोचली तर पाणी स्वच्छ आलं, तांबूस नाही. मग दोन-तीन मिनिटं निखाऱ्यांवर धरला, कातडी कुरकुरीत व्हायला. अमेरिकेत यासाठी टोचून बघायचा तापमापक असतो आणि मांसाच्या आत ७४ अंश झाले की झालं म्हणतात. हे सगळं आम्ही ओट्याबाहेर अंगणातच केलं. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधी ठेवू नका, थंडीतसुद्धा. तिचा विषारी वायू ना दिसतो ना त्याचा वास येतो, आणि झोपलेलं माणूस उठत नाही.

चव कशी होती? आक्कांना रस्साच बरा वाटला. पोरांनी हाडं चाटली.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या स्पर्धेत जिंकलेल्या व्हेंट्रेसचं नाव आज कॉब-व्हेंट्रेस या अमेरिकी कंपनीत आहे. आपल्या पुण्यातल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजच्या व्हेनकॉब या ब्रॉयलरच्या नावातला ‘कॉब’ म्हणजे तीच कंपनी. आपल्या तालुक्याच्या दुकानात जाळीत बसलेली पांढरी कोंबडी अशी आहे. असील इथून निघाला, कॉर्नवॉलला गेला, तिथून अमेरिका, आणि दोनशे वर्षांनी पिंजऱ्यातून परत आला. मधल्या काळात ती कोंबडी खुडूक बसायचं विसरली. अंडी मशिनमध्ये उबतात, पिल्लं दुसऱ्याची. आपल्या खुराड्यातली अजून बसते. मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे एकीने तेरा अंड्यांवर बसून अकरा पिल्लं काढली. त्यात सहा नर निघाले.

माघ लागला तसा रिसॉर्टचा माणूस परत आला, काट्यासकट. या वेळी आम्ही पाचजणी ओट्यावर बसलो होतो. आक्का म्हणाल्या, “काटा गाडीतच राहू दे, भाऊ. नगाला ४०० रुपये.” तो हसला. म्हणाला, मावशी, पाऊण किलोच्या नराचे कोणी ४०० देतं का? आम्ही म्हटलं, तुमच्या कार्डावर वजन कुठे लिहिलंय? तो काही न बोलता निघून गेला. त्या रात्री आमच्यात थोडी कुरबूर झाली. दोघी म्हणाल्या, आलेलं गिऱ्हाईक घालवलं, आता दाणे कुठून घालायचे? त्यांचंही खोटं नव्हतं. एकीच्या मुलाची फी भरायची होती.

आठ दिवसांनी तो आला. ३७५ वर तुटलं. २० नर त्याने हाताने उचलून, छाती चाचपून निवडून घेतले, अगदी आठवडे बाजारातल्यासारखे. ज्या दोघी रुसल्या होत्या त्यांनीच पैसे मोजून घेतले. जाताना आक्कांनी त्याला सांगितलं, “कार्डावर नर लिहा म्हणावं.” परवा सुनेने नवा फोटो आणला. भाव ९०० झालाय. नाव अजून हेनच आहे.